वरच्या फळीवरचा डबा

शाळेतून आल्या आल्या सुजातानं दप्तरातला डबा काढून ओट्यावर ठेवला आणि बाहेर खेळायला पळाली. आशाबाईनं तो धुवायला उचलला तर हाताला जड लागला. झाकण काढून बघते तर सकाळी घातलेली पोळी आणि मेथीची भाजी जशीच्या तशी. पोळीचा एक तुकडासुद्धा मोडलेला नव्हता. आशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं पोरीला हाक मारली. सुजाता आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"का गं, उपाशी राहिलीस?"

"भूक नव्हती."

"खोटं बोलू नको."

"खाली बसून खायला मला आवडत नाय," सुजाता म्हणाली आणि रडायला लागली.

या खाली बसण्याचं प्रकरण शाळा उघडल्यापासून चालू होतं. मुकुंदवाडीतल्या त्या शाळेच्या व्हरांड्यात डब्यांसाठी भिंतीला दोन लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. सकाळी आल्यावर सगळ्यांनी डबे तिथं ठेवायचे. मधली सुट्टी झाली की शिपाईण मावशी वरच्या फळीवरचे डबे काढून द्यायची, ती मुलं फळीसमोर सतरंजी टाकून गोल करून बसायची. खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच. तिच्यावरचे डबे ज्याचे त्यानं उचलायचे आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ बसून खायचं. तिथं सतरंजी नव्हती. कुणाचा डबा वर, कुणाचा खाली, हे दुसरीच्या वर्गाच्या बाई ठरवायच्या.

आशाबाईला आधी वाटलं, खोट आपल्या डब्यात आहे. सुजाताला तिनं नवऱ्याचा, साहेबरावचा जुना ॲल्युमिनियमचा, जर्मनचा डबा दिला होता. साहेबराव चिकलठाण्याच्या कंपनीत जाताना तोच न्यायचा, त्यामुळं त्याला पोचे पडलेले. बाई म्हणाल्या, "याच्यातून तेल गळतं, फळी खराब होते. खाली ठेव." बरोबर आहे, आशाबाईला वाटलं. तिनं लाल प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा आणला. बाई म्हणाल्या, "प्लास्टिकला वास मारतो. स्टीलचा आणा आणि त्याच्यावर नाव टाकून आणा, म्हणजे अदलाबदल होत नाही." तेही आशाबाईला पटलं. शिकलेल्या बाईनं इतकं समजावून सांगितल्यावर न पटायला काय झालं? लाल डबा असा घासायची की त्याचा रंग उडायला आला होता, तरी सुजाता पिंपाजवळच बसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आशाबाई शेजारच्या राजाबाईला घेऊन गुलमंडीला गेली. राजाबाई फुलंब्रीकडची, धनगराची. तिचा नवरा भिकन मेंढरं भावाच्या गळ्यात घालून कंपनीत लागला होता, साहेबरावच्याच पाळीला. राजाबाईची पारू आणि सुजाता एका वर्गात. दोघी बायका पिठाच्या गिरणीपासून नळापर्यंत सगळीकडं बरोबर जायच्या.

भांड्यांच्या दुकानात आशाबाईनं डब्यांचा ढीग लावला. गोल डबा दप्तरात फुगतो. दोन पुडांचा पोरीच्या हातून उघडणार नाही. एक चपटा, दोन्हीकडून कड्या लावायचा डबा तिला पसंत पडला. तिनं त्यात दुकानदाराकडचं पाणी भरलं, कड्या लावल्या आणि डबा उलटा धरून हलवला. थेंबही गळला नाही.

"आता बघते, बाई काय खोट काढतीया," ती म्हणाली.

राजाबाई हसली. "तू बी लई मनावर घेतीस. आमच्या पारूचा तर जर्मनचाच हाय. झाकण बी नीट बसत नाय, फडक्यात बांधून देते मी. बाई काय बी म्हणत नाय."

आशाबाईच्या हातातला डबा तसाच राहिला.

"कुठं असतो पारूचा डबा?"

"कुठं म्हंजी? वरच्या फळीवर," राजाबाई बोलून गेली, आणि मग तिचंही तोंड उतरलं.

म्हणजे तेल नव्हतं, वास नव्हता, काहीच नव्हतं. बाई नुसत्या एकेक कारण पुढं सरकवत होत्या आणि आशाबाई मुकाट्यानं दुकानाच्या पायऱ्या चढत होती. तिला बाईंचा राग आला, पण त्याहून स्वतःचा आला. आपल्या वस्तीतली आणखी दोन पोरं त्याच पिंपाजवळ बसतात, हे डोळ्यांसमोर असून तिनं डबेच तपासले होते. कुणाचे डबे खाली जातात हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तिनं डबा घेतला. दुकानाच्या पायरीवर गयासमियाँ मांडीवर पोतं टाकून बसायचे आणि छिन्नी-हातोडीनं टिंबं ठोकत भांड्यांवर नावं घालायचे. त्यांनी डबा मांडीवर घेतला.

"पूरा नाम डालूँ, के खाली नामइच?"

आशाबाई तोंड उघडणार इतक्यात राजाबाई मधे पडली. "नुसतं सुजाता टाका चाचा." मग आशाबाईच्या कानाशी हळूच म्हणाली, "आडनाव कशाला? शाळेत आणखी बी सुजाता हायेत. कुणाची कोण, लगीच कळायचं नाय. पोरगी सुखानं चार घास खाईल."

ती हे मायेनंच बोलली होती, यात शंका नाही. पण मायेनं बोललेलं कमी लागतं असं थोडंच आहे! आशाबाई भर रस्त्यात कडाडली. कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर डोकावून बघायला लागली.

"एका नावापायी आमचं घर पेटवलं राजाबाई! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव पायजे म्हणलं, एवढाच गुन्हा. नवी नवरी व्हते मी. आंदणाची भांडी काळी कोळसा झाली, नेसत्या लुगड्यावर या शहरात आलो. माजा नवरा आजून त्या नावासाठी मोर्चात लाठ्या खातोय. अन् मी माज्या हातानं माज्याच पोरीचं नाव अर्धं करू?"

"तसं नाय गं आशा..."

"तसंच हाय! लपून खायला काय चोरीचं खाती काय ती?" ती गयासमियाँकडं वळली. "लिहा चाचा. सुजाता साहेबराव हिवराळे. झाकणावर लिहा, बुडाला नको. अन् मोठं लिहा."

गयासमियाँनी एकदा तिच्याकडं, एकदा राजाबाईकडं बघितलं, आणि ठोकायला सुरुवात केली. नाव लांब होतं, झाकण भरून गेलं.

सकाळी साहेबराव पहिल्या पाळीला निघाला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "एकटी जाऊ नको. रविवारच्या बैठकीत मी विषय मांडतो."

"तुमचा विषय रविवारी मांडा. पोरगी आज जेवायची हाय," आशाबाई म्हणाली आणि चपला घालून पोरीला घेऊन निघाली.

व्हरांड्यात बाई कोवळ्या उन्हाला खुर्ची टाकून वह्या तपासत होत्या. आशाबाईनं त्यांना विचारलं नाही की नमस्कार केला नाही. सरळ जाऊन डबा वरच्या फळीवर ठेवला.

"अहो, तो खाली," बाई म्हणाल्या.

"स्टीलचा हाय. नाव बी टाकलंय, वाचून बघा."

बाईंनी नाव वाचलं. "अहो, डबा वर काय, खाली काय, यात एवढं काय आहे?"

"काहीच नाय ना? मग राहू द्या वर."

तेवढ्यात पारूला सोडायला आलेली राजाबाई पुढं झाली. तिनं वरून पारूचा फडक्यात बांधलेला डबा काढला आणि खालच्या फळीवर ठेवला. "मग आमचा बी खालीच," ती बाईंना म्हणाली आणि मोठ्या आशेनं आशाबाईकडं बघायला लागली.

"उचल तो," आशाबाई म्हणाली.

"अगं, मी तुज्याच बाजूनं..."

"माज्या बाजूनं हायेस तर वर ठेव. खाली बसायला सोबत नकोय मला. खाली कुणीच बसायचं नाय."

राजाबाईनं डबा उचलून पुन्हा वर, सुजाताच्या डब्याला चिकटून ठेवला. तिचे डोळे भरले होते. आशाबाईला ते दिसलं, पण तिची समजूत काढायला आज तिच्याकडं वेळ नव्हता. वस्तीतल्या त्या दोन पोरांचेही डबे तिनं स्वतःच उचलून वर ठेवले आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. शिपाईण मावशीनं वरचे डबे एकेक करून खाली दिले. पारूचा दिला. तीन डबे तेवढे तिनं वरच ठेवले आणि बाईंकडं बघितलं. बाईंनी मान वहीत घातली. मावशी हात पुसत निघून गेली. सतरंजीवर गोल बसला. ती दोन पोरं पिंपाकडं बघायला लागली. सुजाता टाचा उंच करून फळीशी उभी राहिली, पण तिचा हात काही पोचेना.

आशाबाईनं फाटकाच्या गजांना हात घातला. आता आत जायचं आणि एकेकाची हजेरी घ्यायची, असं तिच्या अगदी मनात आलं होतं.

सुजातानं आईकडं बघितलंसुद्धा नाही. ती बाईंपाशी गेली.

"बाई, उठा," ती म्हणाली. "खुर्ची पायजे."

बाई गडबडून उठल्या. सुजातानं खुर्ची फरशीवरून खरखरत फळीपाशी ओढली, वर चढली, आधी त्या दोन पोरांचे डबे काढून त्यांच्या हातात दिले, मग आपला घेतला. उतरून सतरंजीवर गेली आणि "सरका," म्हणाली. पोरं सरकली.

खुर्ची फळीखालीच राहिली. बाई वह्या छातीशी धरून उभ्या होत्या, आणि सुजाता पोळीचा घास मोडत होती.