दुसऱ्या पेल्यातले धागे

शनिवारी दुपारी नाशिकमधल्या इंदिरानगरच्या त्या मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत आला होता. आत सातआठशे माणसं माना उंचावून एका काचेच्या पेल्याकडे बघत होती. पेला आचार्य वंशमुनींच्या हातात होता आणि कॅमेऱ्यामुळे मागच्या पडद्यावर तो माणसाएवढा दिसत होता. त्यातल्या गढूळ पाण्यावर एक नितळ थर तरंगत होता. दोन्हींच्या मधून पांढरे, चिकट धागे हळूहळू वर चढू लागले.

"हा बघा तुमचा पितृदोष," आचार्य मऊ आवाजात म्हणाले. "सात पिढ्यांचा. विज्ञान ज्याला आज डीएनए म्हणतं, त्याला आपले ऋषी दैवी नाडी अनुबंध म्हणत. आद्याक्षरं जुळवून बघा. इंग्रजांनी इथूनच नेली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

रीत सोपी होती. भक्ताने खारट 'तीर्था'ची चूळ मिनिटभर तोंडात घोळवून पेल्यात टाकायची. शिष्य त्यात रिठ्याचा 'ऋषिकाढा' घालून ढवळायचा. मग आचार्य लाल दोऱ्याच्या चंबूतलं बर्फासारखं गार 'हिमजल' कडेने हलकेच सोडायचे. धागे उठले, की दोष सिद्ध. संध्याकाळी शुद्धिहोम, दुसऱ्या दिवशी पुन्हा चूळ, आणि पेला निर्मळ.

शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या चैताली गांगुर्डेला हसावं की ओरडावं कळेना. आनुवंशशास्त्रात पीएच.डी. करण्याचं तिचं हे तिसरं वर्ष होतं. मीठ, साबण आणि गार स्पिरिट घेऊन हाच प्रयोग ती दर विज्ञान दिनाला नववीच्या मुलांना करून दाखवायची.

ती इथे आली होती जयवंतीसाठी. सुरगाण्याची ही सतरा वर्षांची मुलगी चैतालीच्या अभ्यासातली, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची रुग्ण होती. गेल्या तपासणीला ती आली नाही, म्हणून चैतालीने तिच्या आईला, कलाबाई भोयेंना, फोन केला. "आमी नाशकातच हाव, शिबिराला," त्या म्हणाल्या होत्या.

आता मायलेकी मंचावर होत्या. जयवंतीच्या पेल्यात धागे उठले. शिष्याने पितळी कलश पुढे केला, आणि जयवंतीने आपल्या गोळ्यांची पाकिटं एकेक करून त्यात टाकली.

"रसायनं पोटात गेली, की दोष परत येतो," आचार्य म्हणाले.

आणि त्यांच्या शेजारी, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत, डॉ. उपेंद्र बसले होते. चैतालीचे मार्गदर्शक.

तिने त्यांना गाडीपाशी गाठलं.

"सर, ते साधं डीएनए एक्स्ट्रॅक्शन आहे."

"मला माहीत आहे."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. "माहीत असून तुम्ही तिथे बसलात?"

"आपल्या संस्थेच्या अध्यक्षांचे गुरू आहेत ते. मी एवढंच बोललो, की आनुवंशिकता आपल्या परंपरेला नवी नाही. त्यात खोटं काय आहे?"

"माझ्यासमोर एका मुलीने गोळ्या टाकल्या, सर."

"तिला गावी जाऊन शांतपणे समजाव. इथे तमाशा नको." ते गाडीत बसले आणि काच अर्धी खाली घेतली. "सोमवारी तुझ्या अहवालावर मला सही करायची आहे. तीन वर्षं घातली आहेस, विसरू नकोस."

दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागे. त्यावर मार्गदर्शकाची सही नसली, तर समिती बसत नाही आणि शिष्यवृत्ती थांबते. चैतालीला हे चांगलंच ठाऊक होतं.

"विसरले नाही, म्हणूनच तर बोलतेय," ती म्हणाली. गाडी निघून गेली.

होम आटोपल्यावर तिने मायलेकींना जेवायला नाशिक रोडला घरी आणलं. जयवंतीचे गुडघे ठणकत होते. तिला पलंगावर निजवून कलाबाई स्वयंपाकघरात आल्या. चैतालीने विषय काढताच त्यांनी तिला अडवलं.

"तूच सांगितलंस, आजार आमच्या दोघांच्या रक्तातून आला. महाराजबी तेच सांगतात. पन ते म्हनतात, निघतो. माझा थोरला ह्याच दुखण्यानं गेला, बाई. कोन निघतो म्हनत आसंल, तर मी नाय जायचं?"

गेली तीन वर्षं चैताली या बाईंना आकृत्या काढून जनुकं समजावत होती. प्रत्येक आकृतीत त्यांना फक्त स्वतःवरचा ठपका दिसला होता.

"निघत नाही, मावशी," ती म्हणाली. "आवरता येतो. आणि तो तुमचा दोष नाही. डोळ्यांचा रंग येतो तसाच तोही आला. आता मी एक करते, तुम्ही नुसतं बघा."

तिचे वडील, बुद्धभूषण, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांनी काही न विचारता केळं सोलून दिलं. चैतालीने ते मिठाच्या पाण्यात कुस्करलं, भांडी घासायचा लिक्विड साबण घातला आणि चहाच्या गाळणीने गाळून दोन पेल्यांत ओतलं. फ्रीजरमध्ये ठेवलेलं स्पिरिट पहिल्या पेल्यात कडेने सोडलं. धागे उठले, आचार्यांच्या पेल्यातल्यासारखेच.

कलाबाई वाकून बघत राहिल्या. "केळाला कुठले पितर?"

"असतील जळगावला," बुद्धभूषण म्हणाले.

दुसऱ्या पेल्यात चैतालीने नुसतं गार पाणी ओतलं. काहीच उठलं नाही.

"जिवंत असलेल्या प्रत्येकात हे धागे असतात. साबणाने पेशी फुटतात आणि धागे मोकळे होतात. पाण्यात ते विरघळलेले राहतात म्हणून दिसत नाहीत. स्पिरिटमध्ये विरघळत नाहीत, म्हणून वर येतात."

"मंग उद्या महाराज चंबू बदलनार?"

"मला तसं वाटतं. पण मी पाहिलेलं नाही. उद्या पाहावं लागेल."

"मी बघते," कलाबाई म्हणाल्या.

रविवारी मंचावर दोन चंबू होते, एकाच्या गळ्यात लाल दोरा, दुसऱ्याच्या पिवळा. जयवंतीने चूळ टाकली, शिष्याने काढा ढवळला. आचार्यांनी पिवळ्या दोऱ्याचा चंबू उचलला.

"महाराज, कालच्या लाल चंबूतलं ओता," कलाबाई म्हणाल्या.

"माई, ते अशुद्धांसाठी असतं."

"पोर शुद्ध झाली ना? मंग कुठलंबी ओतलं, तरी धागा येनार नाय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "बरोबर बोलतेय बाई."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," आचार्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. तोवर कलाबाईंनी लाल दोऱ्याचा चंबू उचलला होता. आदल्या दिवशी पाहिलं होतं तसं त्यांनी पेल्याच्या कडेने हलकेच ओतलं. मागच्या पडद्यावर, सातशे माणसांसमोर, शुद्ध झालेल्या मुलीच्या पेल्यात पांढरे धागे उठले.

चैताली तोवर माइकपाशी पोचली होती. एका शिष्याने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"लाल चंबूत स्पिरिट आहे, हुंगून बघा. पिवळ्यात पाणी आहे. बाकी मीठ आणि रिठा. हे धागे माझ्यात आहेत, तुमच्यात आहेत, केळ्यातही आहेत. ते दोष नाहीत. ते गेले, तर आपण जगणारच नाही." ती आचार्यांकडे वळली. "तुमच्या सात पिढ्या शुद्ध असतील ना? मग तुम्ही चूळ भरा. मी ओतते."

आचार्यांनी शाल सावरली. अशा अपवित्र वातावरणात आपण थांबत नाही, असं सांगून ते मागच्या दाराने गेले.

सगळ्यांनाच पटलं असं नाही. एक गृहस्थ तिच्या अंगावर धावून आले, धर्म बुडवायला निघालीस म्हणून. काहीजण कलशातल्या गोळ्या शोधायला लागले. कुणाच्या कुठल्या ते कळायला मार्ग नव्हता. चैतालीने कलशावर झाकण ठेवलं आणि ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडून नव्या आणा, असं ओरडून सांगितलं. आजही पाहुण्यांच्या खुर्चीत असलेले डॉ. उपेंद्र खाली बघत बसून होते.

सोमवारी त्यांनी सही केली नाही. 'संशोधनाकडे लक्ष नाही,' असा शेरा मारला. चैतालीने त्याच संध्याकाळी मार्गदर्शक बदलून मिळावा, म्हणून अर्ज दिला. माफी मागितलीस तर मिटेल, असं दोघातिघांनी सुचवलं. तिने मागितली नाही. सात महिने शिष्यवृत्ती थांबली. तिने शिकवण्या घेतल्या, नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत हलवले. अखेर नव्या मार्गदर्शकांसह ती समितीपुढे उभी राहिली.

"तुम्ही त्या सभागृहात जे केलंत," बाहेरून आलेल्या एका सदस्यांनी विचारलं, "ते संशोधनात धरायचं का?"

"धरा, सर. दोन पेले, आणि त्यांत एकच फरक. मी प्रयोगशाळेतही तेच करते."

त्यांनी मान डोलावली आणि सही करून अहवाल पुढे सरकवला.

पुढच्या महिन्यात सुरगाण्याच्या शाळेत पन्नासेक बायका जमल्या होत्या. चैताली गोळ्यांविषयी बोलत असताना कलाबाई मध्येच उठल्या.

"बाई, महाराजाला इचारलं, आता तुला इचारते. ही गोळी काम करती, हे कशावरून?"

शेजारणीने त्यांचा पदर ओढला. चैताली मात्र खूश झाली. तिने तक्ता काढला. तालुक्यातले त्रेसष्ट रुग्ण, गोळी सुरू होण्याआधीच्या वर्षात दवाखान्यात काढलेले दिवस एका रकान्यात, नंतरच्या वर्षातले दुसऱ्या.

"मी शिकलेली आहे, म्हणून माझं मानू नका. कुणाचंच तसं मानू नका. भगवी शाल असो की पांढरा कोट, समोरच्याला विचारा, कशावरून म्हणता? खरं सांगणारा दाखवतो. जो चिडतो, त्याच्यासमोरून उठून या."

कलाबाईंनी तक्ता हातात घेतला, वरखाली बघितला आणि लेकीपुढे धरला.

"मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "दोन्हीबी रकाने."

जयवंती उभी राहिली आणि वाचू लागली.