काखेतला ढोल

गल्लीतली सगळी माणसं तिच्या सासूबाईंना धडामकाकू म्हणत. तोंडावर म्हणत, आणि सासूबाईंना त्याचा राग नव्हता, उलट मान ताठ व्हायची. लग्न होऊन सून या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी ती दचकून अंथरुणात उठून बसली होती. शेजारच्या खोलीत कुणी भिंत पाडतंय असंच तिला वाटलं. नवरा कूस बदलत म्हणाला, "आईचा रियाज आहे. होईल सवय."

सवय कसली, वेडच लागलं तिला. सून दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी; घरी येईपर्यंत मानेचा नुसता खुंटा झालेला असायचा. पण चपला काढून ती आधी त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. सासूबाईंची उभी हयात वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यांत गेली होती, आणि जिथे गेल्या तिथून त्यांनी ढोल उचलून आणला होता. जपानचा ढोल पिंपाएवढा. तो वाजवायला सासूबाई पाय रोवून उभ्या राहायच्या आणि अख्खी पाठ त्यात घालायच्या. आवाज कानाच्या आधी पोटात पोचायचा. क्यूबाच्या कोंगांची उंच जोडी, तळवा कडेला पडला तर वेगळं बोलणारी आणि मध्ये पडला तर वेगळं. आयर्लंडचं बोध्रान म्हणजे डफाचा चुलतभाऊ. पुढून छोट्या दांडीनं वाजवायचं आणि मागून डावा हात कातड्यावर दाबत फिरवायचा.

"खरा वाजवतो तो मागचा हात," सासूबाई सांगायच्या. "पुढचा नुसता मिरवतो."

फक्त एका ढोलाशी त्यांचं कधी जमलं नाही. तो पश्चिम आफ्रिकेतला, डमरूसारखा कमरेत बारीक, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या दोऱ्यांनी वेढलेला. काखेत धरून दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. तिकडच्या काही भाषांत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून जाणते वाजवणारे त्यावर चक्क वाक्यं बोलतात. सासूबाईंनी तो खिडकीच्या वर टांगून ठेवला होता. "माझ्याशी बोलत नाही मेला," म्हणायच्या. "रुसलाय."

एका सकाळी जपानी ढोल मध्येच थांबला. सून स्वयंपाकघरात होती. रियाज असा ठोक्याच्या अर्ध्यात थांबत नाही हे एव्हाना तिला पक्कं माहीत होतं. ती धावली. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, डाव्या हातातली दांडी जमिनीवर पडली होती आणि आपल्याच हाताकडे त्या परक्याचा असल्यासारखं बघत होत्या.

दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा पाय बरेच सावरले होते, बोलणं तर शाबूतच होतं. डावा हात मात्र लोंबत होता. त्यांनी त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"काढून टाका ते सगळं. कपाट ठेवा तिथे."

"आई, एवढ्यात कशाला?"

"मागचा हातच गेला माझा. आता काय नुसतं मिरवू?"

मग व्यायाम शिकवायला एक फिजिओबाई घरी येऊ लागल्या. टॉवेलची गुंडाळी करून त्यांनी ती सासूबाईंच्या डाव्या काखेत ठेवली. "काकू, दंडानं दाबा. सोडा. पुन्हा दाबा. खांदा आधी परत येतो, बोटं सगळ्यांत शेवटी. धीर धरायचा."

धीर आणि सासूबाई यांचं कधी पटलंच नव्हतं. तोंड वाकडं करून त्या टॉवेल दाबत राहायच्या. रविवारी सून समोर बसून भाजी निवडत होती. दाबा, सोडा, दाबा, सोडा. बघता बघता तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती उठली, बंद खोलीत गेली, स्टुलावर चढून खिडकीवरचा ढोल काढला, पदरानं धूळ पुसली आणि आणून समोर धरला.

"दाबायचंच आहे ना? मग हा दाबा."

"थट्टा करतेस माझी?"

"तुमची थट्टा करायची हिंमत आहे का माझी?"

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग डावा दंड थोडा उचलला. सुनेनं ढोल काखेत सरकवला आणि चोचीसारखी वाकडी दांडी त्यांच्या उजव्या हातात दिली. पहिला ठोका अगदी बद्द आला. दुसऱ्याला त्यांनी दंड आवळला, आणि शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा ढोल केकाटत वर गेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसत सुटल्या, पोट दुखेपर्यंत. आजारपणानंतर सासूबाई पहिल्यांदा हसल्या त्या अशा.

टॉवेल कपाटात गेला. घरात ढोलाचं राज्य सुरू झालं. खालून वर गेलेला सूर म्हणजे चहा टाक. वरून खाली घसरला की दार लाव. नवऱ्यानं ओला टॉवेल खुर्चीवर टाकला की आतून असा काही तडतडाट यायचा की तो दचकायचाच.

"आई मला रागावतेय का?"

"हो," सून म्हणायची, "आणि काही चुकीचं बोलत नाहीयेत त्या."

वाद्यवृंदातले एक जुने सहकारी, बासरीवाले काका, एका दुपारी एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे त्याच ढोलाच्या मुलखातले, पिढीजात वाजवणारे. पांढऱ्या दाढीचे, अंगानं शिडशिडीत. महिनाभर शिबिर घ्यायला आले होते. सासूबाईंनी घाईघाईनं ढोल उशीमागे लपवला, पण जाणकाराच्या नजरेतून सुटतो होय? वाजवून दाखवा, असं त्यांनी खुणेनंच सांगितलं.

सासूबाईंनी वाजवलं. पाहुणे ऐकता ऐकता हसायला लागले आणि डोळे पुसत काहीतरी बोलले. बासरीवाले काका चाचरले.

"सांगा की," सासूबाई म्हणाल्या.

"ते म्हणतात... तुम्ही आत्ता जे बोललात त्याला त्यांच्या भाषेत काडीचा अर्थ नाही. तान्हं पोर बडबडतं तसं आहे."

सुनेनं चहाचा ट्रे जरा जोरातच टेकवला. जिच्या ठोक्यानं भरलेली सभागृहं गप्प व्हायची, त्या बाईला हे असं तोंडावर!

सासूबाईंनी एक क्षणही जाऊ दिला नाही. "मग त्यांना सांगा, तान्हं पोर समजूनच शिकवा."

पाहुण्यांनी खुर्ची जवळ ओढली. सासूबाईंचं कोपर धरून थोडं मागे नेलं आणि स्वतःच्या ढोलावर एक वाक्य वाजवलं. घरातली सगळी बरी आहेत ना, असा त्याचा अर्थ. सासूबाईंनी वाजवलं, पाहुण्यांनी नकाराची मान हलवली. पुन्हा. पुन्हा मान हलली. कपाळावर घाम, काखेत कळ, तरी ओठ घट्ट मिटून त्या दंड आवळत होत्या. चहा निवून साय धरली. शेवटी एकदा सूर जिथे चढायला हवा तिथे चढला आणि जिथे उतरायला हवा तिथे उतरला. पाहुणे उठून उभेच राहिले. त्यांनी वाजवून उत्तर दिलं: सगळी बरी आहेत.

सून दारात उभी होती. तिला वाटलं, आजवर आपण या बाईच्या ताकदीवर भाळलो होतो. खरी मोठी गोष्ट आज बघितली.

बोटं काही परत आली नाहीत. जपानी ढोल सासूबाईंनी आपल्या जुन्या शिष्यिणींना देऊन टाकला. टेम्पोत तो नीट बांधला जाईपर्यंत स्वतः रस्त्यावर उभ्या होत्या. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पाहुण्यांनी त्यांना मंचावर शेजारी बसवलं. लोक धडामकाकूंचा दणका ऐकायला आले होते, आणि त्यांना ऐकू आला दोन ढोलांचा हलका संवाद: एक वाहतं, सराईत बोलणं आणि एक अडखळत, चुकत, पण मागे न हटता उत्तर देणारं.

सुनेच्या शेजारी बसलेल्या बाई कुजबुजल्या, "हे काय बोलतायत हो?"

"ते मलाही कळत नाही," सून म्हणाली. तिचे डोळे मंचावरून हलले नव्हते. "पण त्या माझ्या सासूबाई आहेत."