लगनाचा तळ

बकऱ्याचे आतडे त्याच्या देहाच्या सुमारे पंचवीस पट लांब असते, हे मी पुस्तकात वाचले होते. इसाक खानसाम्याच्या अंगणात ते प्रत्यक्ष पाहण्याची वेळ आली तेव्हा मला पुस्तकच बरे वाटले. इसाकने आतड्याचे एक टोक काडीवर चढवले आणि पायमोजा उलटा करावा तसे सगळे आतडे आतून बाहेर काढले. मग सुरीच्या बोथट बाजूने त्यावरचा करडा लेप खरवडला. लेप बादलीत पडला, पाणी गढूळले आणि आंबलेल्या चाऱ्याचा वास माझ्या कोटाला चिकटला.

"चार पाण्यांनी धुतो, साहेब," इसाक म्हणाला. "पाचवं मीठ-हळदीचं. त्या दिवशीही असंच केलं होतं."

"त्या दिवशी जे केले तेच करायचे. कमी नाही, जास्त नाही."

मी जळगावच्या एका तेलगिरणीत रसायनज्ञ होतो. सन १९३३ च्या फेब्रुवारीत नवे यंत्र बसवायला मुंबईहून एक इंग्रज इंजिनियर आला आणि गिरणीच्या पाहुण्यांच्या बंगल्यात उतरला. त्याच्यासाठी इसाकने सॉसेज केले, म्हणजे आतड्यात खिमा भरून पीळ दिलेल्या बोटभर नळ्या. जेवणानंतर अर्ध्या तासात पाहुण्याला वांत्या सुरू झाल्या. त्या पितळी तस्तात मी पाहिल्या. रंग हिरवट होता; मी 'पित्त' अशी नोंद केली आणि बाहेर जाऊन बराच वेळ निंबाच्या झाडाकडे पाहत उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी पाहुणा सावरला, पण व्यवस्थापक रुपचंद शेठ सावरले नाहीत. त्यांनी मला चौकशीचा अहवाल मागितला. सॉसेज दोषी ठरले तर इसाकची बावीस वर्षांची नोकरी आणि बंगल्यामागची राहती खोली, दोन्ही जाणार होती.

माझे मत, खरे सांगायचे तर, तयार होते. अहवालाचा अर्धा भाग मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. ज्या नळीतून जनावराची विष्ठा जाते तीच नळी भरून खाणाऱ्याचे दुसरे काय होणार? तरीही प्रयोगावाचून निष्कर्ष काढणे मला कमीपणाचे वाटत असे, म्हणून मी इसाकला तेच जेवण माझ्यासमोर पुन्हा करायला लावले.

कृती अगदी सोपी होती. इसाककडे भट्टी नव्हती. होते ते एक लगन, म्हणजे पसरट बुडाचे, उभ्या काठाचे तांब्याचे भांडे. त्यात त्याने भडगावच्या वांग्यांच्या फोडी, सोललेले बटाटे, अख्खे छोटे कांदे, चिरलेले टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या पसरल्या. वर सॉसेज मांडले, मीठ, तेल आणि दोन पळ्या आंबट सिरका घातला, झाकण ठेवले. खाली निखारे, झाकणावर निखारे.

"एक भांडं, एक जाळ," तो म्हणाला. "गोऱ्या साहेबांना आवडतं, आणि हिला घासायला एकच भांडं पडतं."

त्याची बायको नूरबी चुलीपाशी बसून होती. सकाळपासून ती माझ्याशी बोललीच नव्हती.

झाकणाखाली चरबी तडतडू लागली. एक नळी फुटली आणि तिच्या चिरेतून खिमा बाहेर आला. मला जे आठवले ते मी लिहिणार नाही. रुपचंद शेठ उपरण्याने नाक झाकून दाराबाहेर उभे होते.

"काय केमिस्टसाहेब, अजून काय पाहायचं राहिलं? बोकडाचं आतडं ते. लिहा आणि मोकळे व्हा. बिचारा पाहुणा सांगत होता, तोंडात पैसा चघळल्यासारखं लागतंय."

"तापात तोंडाला चव नसते, शेठजी."

"ताप कुठे होता त्याला?"

ताप नव्हता. माझ्याच नोंदीत 'ताप नाही' असे लिहिले होते. मी पान उलटले.

भांड्याचा संशय मी यादीतून पूर्वीच काढून टाकला होता, कारण त्याची खात्री माझी स्वतःची होती. बंगल्याच्या स्वयंपाकघराची स्वच्छता पाहणे हेही माझ्याकडे होते. पाहुणा येण्याच्या चार दिवस आधी मी तपासणीला गेलो आणि लगनाच्या आतून बोट फिरवले. बोट काळपट, तुपकट झाले. ते मी तीनदा साबणाने धुतले आणि हुकूम दिला, की चिंच आणि वाळू घेऊन हे भांडे लखलखेपर्यंत घासा. नूरबीने दुपारभर घासले. लगन आतून उगवत्या सूर्यासारखे लाल झाले, तेव्हा माझे समाधान झाले.

पाहुण्याची गाडी त्या दिवशी लांबली होती, त्यामुळे सकाळी शिजलेले अन्न दुपार उलटेपर्यंत लगनातच राहिले होते. प्रयोगात काळही तोच हवा म्हणून आम्ही थांबलो. चार वाजता मी झाकण काढले. एका सॉसेजचा छेद घ्यावा म्हणून लोखंडी सुरी रश्श्यात टेकवली आणि वास सोसेना म्हणून ती तशीच ठेवून नोंदी लिहायला ओट्यावर जाऊन बसलो.

परत येऊन सुरी उचलली तेव्हा पाते बुडालेल्या रेषेपर्यंत तांबूस झाले होते. पुसले तरी रंग गेला नाही.

आंबट पदार्थात तांबे उतरले असेल तर स्वच्छ लोखंडावर त्याचा मुलामा चढतो. हे मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. लगनाच्या काठाशी, जिथे टोमॅटोचा रस वाळला होता, तिथे हिरवी कड धरली होती. हिरवी वांती, तोंडात तांब्याच्या पैशाची चव, ताप नाही. सगळे माझ्याच वहीत होते.

"नूरबी," मी विचारले, "याची कल्हई कुठे गेली?"

शिरपूरकडची ती बाई आता उठली. "माले इचारतस, भाऊ? मी तवयच सांगं व्हतं, कल्हई निंघी जाई. तुम्ही म्हननात, वाद घालू नको."

ती तसे म्हणाली होती. मीही तसेच म्हणालो होतो.

"मग शिजवण्यापूर्वी सांगायचे होते, इसाक."

"कल्हईवाला गावाला गेला होता. दुसरं भांडं नाही." त्याने मान खाली घातली. "आणि वाटलं, शिकलेल्या माणसाने काढवली, म्हणजे काही विचार असेल."

आतड्याचा वास सकाळपासून सोसला होता. हे वाक्य सोसेना. मी अंगणाच्या कडेला गेलो आणि ओकलो. लगनातले काहीही मी चाखले नव्हते, हे नोंदवून ठेवतो.

अहवाल मी नव्याने लिहिला. त्यात एक वाक्य असे होते: 'भांडे खाली सही करणाऱ्याच्या हुकमाने, खानसाम्याच्या बायकोने हरकत घेतली असताही, कल्हई जाईपर्यंत घासण्यात आले.'

रुपचंद शेठनी ते दोनदा वाचले. "हे खोडा. पाहुण्याला काय कळवू, आमच्या बी. एस्सी.नेच विष चारलं? आतडं लिहा. इसाकला काढतो, प्रकरण मिटतं."

"पुढचा खानसामाही त्याच लगनात शिजवील, शेठजी." मी तांबूस सुरी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी हात मागे घेतला.

इसाक राहिला. स्वयंपाकघराची तपासणी माझ्याकडून काढून घेण्यात आली. कारण लेखी दिले गेले नाही.

आठवड्याने कल्हईवाला परतला. लगन आतून चांदीसारखे होऊन आले, तेव्हा इसाकने मला बोलावले. पहिल्या जेवणाचा वास अंगणात पसरला होता.

"आता तरी एक तुकडा, साहेब?"

"नको, इसाक. किळस येते."

तो हसला. "यायचीच. मलाही येते आतडं धुताना. म्हणून तर चार पाणी."

मी शेजारी काढून ठेवलेल्या लगनाच्या झाकणाकडे हात नेला. तेही नव्याने कल्हई केलेले होते. नूरबीने ते माझ्या बोटांखालून ओढून घेतले.

"आते हात नका लावू, भाऊ," ती म्हणाली आणि झाकण उन्हात पालथे घालून आली.