नायिकेची पावलं

बाबा सिनेमांसाठी पावलांचे आवाज काढायचे. पडद्यावर नायिका चालायची आणि स्टुडिओत बाबा बायकी चपला घालून, तिच्याकडे बघत, फरशीवर चालायचे. प्रेमात पडलेल्या कितीतरी मुली त्यांच्याच पायांनी चालल्या. ते गेल्यानंतर दीड महिन्याने मी आणि आई त्यांचा एक जुना प्रेमपट पाहायला बसलो.

"कुणी भांडता भांडता प्रेमात पडतं, कुणी नुसत्या पत्रांवर," आई म्हणाली. "ह्यांनी एवढे सिनेमे केले, पण मला कधी चकार शब्द बोलले नाहीत. मी आवडत होते की नाही, कुणास ठाऊक."

ती हसत म्हणाली, पण दीड महिना ती फिरून फिरून तिथेच येत होती.

पडद्यावर नायिका लांबलचक व्हरांड्यातून नायकाकडे निघाली. एक पाऊल वाजलं, दुसरं किंचित घासलं.

"हिची चप्पल का घासतेय गं? चांगली धडधाकट तर आहे."

मी सिनेमा थांबवला. "आई, जरा पाणी आणतेस?"

"तुझे हातपाय मोडलेत का?" असं म्हणत ती उठली. लहानपणीच्या अपघातापासून तिचा डावा पाय जरासा ओढतो. एक पाऊल वाजलं, दुसरं घासलं. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली आणि ती थांबली.

पाणी न घेताच ती मागे वळली.

"मघाचं परत लाव," ती म्हणाली. "आवाज मोठा कर."