वरून दिसलेलं घर

"सुशील, तुझा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही," मी म्हणालो आणि आमटीची वाटी त्याच्याकडे सरकवली. पुण्याहून कंपनीने ओसाकाला पाठवलेला हा मुलगा रविवारी आमच्याकडे जेवतो आणि माझं ऐकून घेतो.

निवृत्त होईपर्यंत मी इथे ओसाकात बसून परक्या वाळवंटाचा नकाशा केला. उपग्रहाचे फोटो समोर घ्यायचे आणि रस्ते, पाइपलाइन, विजेचे खांब, विहिरी उतरवायच्या. उंट सावलीवरून ओळखायचो; नर की मादी, तेही.

तिथे एका वाळूच्या टेकडीआड एकच घर होतं. पाण्याचा टँकर नकाशात असलेल्या घरांकडेच जायचा. नव्या फोटोत टेकडी सरकून घरावर आली होती. आमचे साहेब मोरिता-सान म्हणाले, घर गेलं, काढून टाका. मला मात्र वाळूच्या कडेला बारीक सावली दिसत होती, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी.

"मग काय, रजा टाकली आणि गेलो."

सुशीलचा घास हातातच राहिला. मी त्याला सांगितलं, रात्री जीप टेकडीच्या पायथ्याशी लावली, तर सकाळी ती माथ्यावर. खाली ओढायला उंट आणावा लागला, आणि तो उंट दोन्हीकडे बघूनच रस्ता ओलांडायचा. घरात म्हातारी होती. मला बघून म्हणाली, "तूच का रे तो, वरून बघणारा?"

गोष्टीत इथवर आलो की लोक हसतात. सुशील हसला नाही, म्हणून मी पुढे गेलो. ओसाकात रजेवरून कोणी ऑफिसात हात हलवत परत येत नाही, तेव्हा ऑफिससाठी खजुराचा डबा आणला. मोरिता-साननी एक खाल्ला, मान लववली. घर नकाशात राहिलं.

"म्हणजे काका, त्या आजींना पाणी मिळतंय अजून?"

"मिळतंय तर. परवाच टँकर..."

माझी बायको उल्का पोळी वाढता वाढता थांबली.

"अहो, पुरे. कुठे गेला होतात तुम्ही? रजा काढून घरातच बसला होतात. खजूर मी आणून दिला, दुकानाचं लेबल सोलून. मोरिता-सान बिचारे काही बोलले नाहीत, पण घर काढलंच त्यांनी. काढलं त्या दिवशी तुमच्या आवडत्या भरल्या वांग्यांचा जेवणाचा डबा तुम्ही तसाच परत आणलात."