अधिकृत डोनट

माझे आजोबा, ऑर्व्हिल हॉगलंड, चोवीस वर्षं राज्याच्या विधानसभेत होते. एवढ्या काळात त्यांनी स्वतः मांडलेलं एकच विधेयक मंजूर झालं: राज्यपक्षी असतो तसा ताकातला डोनट हा राज्याचा अधिकृत डोनट. विरोधात तीन मतं पडली. त्या तिघांची नावं आजोबांना अजून पाठ आहेत.

गेल्या शनिवारी गावातल्या बंद पडलेल्या शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. दोन्ही बाजूंना मका, मध्ये रस्ता, गाडी मी चालवत होते. आजोबा शेजारी सुटात, चेहरा मात्र दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखा.

"पाटीवर 'शाळेसाठी शेवटपर्यंत लढले' असंच असणार," ते म्हणाले. "पडदा उघडायच्या आत खरं सांगायला हवं."

खरं असं होतं. सभागृहात प्रत्येकाच्या बाकावर दोन बटणं: होकाराचं हिरवं, नकाराचं लाल. कुणी बाहेर गेलं की शेजारचा त्याचंही बटण दाबतो. नियमात बसत नाही, पण सगळेच करतात. शाळा बंद करायचं विधेयक आलं तेव्हा आजोबा बाहेर व्हरांड्यात आपल्या डोनटच्या विधेयकासाठी आमदारांना डोनट वाटत होते. शेजारच्या क्लेटनने सवयीने दोन्ही बाकांवर हिरवं दाबलं. शाळा एका मताने गेली. गावात येऊन आजोबा म्हणाले, "एका मताने हरलो." हे तसं खोटं नव्हतं.

शाळेसमोर मांडलेल्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत व्हर्ना क्विस्ट बसल्या होत्या. त्या शाळेतल्या शेवटच्या बाई, आता वय नव्वद. आजोबा थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"व्हर्ना, ते एक मत माझं होतं."

"माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"मी त्या दिवशी सभागृहात वर प्रेक्षकांच्या सज्जात होते ना. तुझी खुर्ची रिकामी, आणि मतांच्या फलकावर तुझ्या नावापुढे हिरवा दिवा. म्हटलं, हा माणूस गैरहजर राहूनच जास्त काम करतो."

"मग गावाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. त्याच संध्याकाळी."

"अगं, पण त्यानंतर चारदा निवडून दिलंत मला!"

"दुसरं उभं कोण होतं? लॉइड. त्याने डोनटही घालवला असता." बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. "एकदा तरी येऊन सांगशील, म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो. सव्वीस वर्षं. बस आता, उन्हात उभा राहू नकोस."

पडदा उघडला. पाटीवर होतं: 'ऑर्व्हिल हॉगलंड. यांनी राज्याला डोनट दिला.'

टाळ्या वाजल्या. खाली शाळेबद्दलची आणखी एक ओळ सहज मावली असती. आजोबांनी चष्मा पुसला आणि त्या मोकळ्या जागेकडेच बघत राहिले. चर्चमधल्या बायकांनी त्यांच्या हातात एक डोनट दिला. घरी पोचेपर्यंत तो त्यांच्या मांडीवर तसाच होता.