गुलाबी गाठी

"मुळाला गाठी धरल्यात! रोग लावला हिनं वाफ्याला!"

शेजारचा म्हातारा ओरडला तेव्हा मी पाणी देत होतो. जन्मभर पोरं शिकवली, म्हणून भांडण झालं की हाक मलाच येते. गेलो.

त्याच्या एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात उपटलेलं लसूणघासाचं रोप. समोर त्याची सून, कमरेवर हात ठेवून उभी. निम्मा वाफा तिनं पेरला होता, निम्मा त्यानं. पेरताना तिनं आपल्या बियाण्याला डबीतली पांढरी पूड चोळली, तेव्हापासून म्हातारा तिच्यावर डोळा ठेवून होता. गाय गाभण, आणि हिरवा चारा एवढाच.

"मास्तर, हे खाऊन गाय गाभडली तर?"

"मामंजी, पुडीत मॉलिब्डेनम आहे, मातीतलंच एक खनिज. चिमूटभरच लागतं."

"ज्याचं नाव घेताना जीभ अडकते, ते गाईच्या पोटात घालू?" त्यानं कुदळ उचलली.

सून आडवी झाली. "आधी तुमच्याकडचं एक रोप उपटा. मग माझं खणा."

त्यानं उपटलं. तिथंही गाठी.

"तुझ्याकडनंच आला असंल रोग," तो पुटपुटला.

मी खाली बसलो. "दोन्हीकडची एकेक गाठ नखानं फोड. मी काही सांगत नाही, तूच बघ."

त्याची आतून फिकट, हिरवट. तिची लहान बाळाच्या हिरडीसारखी गुलाबी.

"रोग नाही हा. या गाठीतले बारीक जिवाणू हवेतलं खत मुरवतात," मी म्हणालो. "गुलाबी म्हणजे काम चालू. फिकट म्हणजे गडी आलेत, पण हातात खुरपं नाही. ती पूड म्हणजे खुरपं."

"रंग लावला असंल हिनं."

"मातीखाली? एकेका गाठीला?" सून हसली.

म्हातारा हसला नाही. तिच्याकडची एक पेंढी कापून गाईला घातली आणि दिवसभर गाईच्या तोंडाकडे बघत बसला. गाय आणखी मागत होती.

चौथ्या दिवशी कुदळीचा आवाज आला. सून धावत आली, मीही आलो. म्हातारा स्वतःचा पिवळा पडलेला निम्मा वाफा खणत होता. आमच्याकडे न बघता त्यानं बियाण्याची पिशवी पुढे केली.

"चिमूट कुणाच्या बोटांची? तुझ्या का माझ्या?"

"माझ्या. तुमच्या बोटांत दोन मावतील."

"मग तूच चोळ," म्हणत तो तिच्यापुढ्यात उकिडवा बसला. "मी हात बघतो."